पुराच्या कालव्यातली हक्कांची भिंत : लॉस एंजेलिसच्या ‘ग्रेट वॉल’चा प्रकरण अभ्यास

मानवी हक्कांवरची बहुतेक भित्तिचित्रे एकाच साच्यातली असतात. उंचावलेल्या मुठी, तुटलेली साखळी, पांढरे कबूतर आणि खाली ठळक अक्षरांत ‘समता’ किंवा ‘न्याय’. अशा चित्राचा कोणालाच राग येत नाही आणि महिन्याभरात त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. लॉस एंजेलिसची ‘ग्रेट वॉल’ या साच्यात बसत नाही. कोणत्या काळात, कोणाच्या निर्णयाने, कोणाचे घर, नोकरी किंवा नागरिकत्व हिरावले गेले हे त्या भिंतीवर रंगवलेले आहे. तिची लांबी २,७५४ फूट, म्हणजे सुमारे ८४० मीटर, आणि उंची साधारण १३ फूट. १९७६ ते १९८३ या काळात पाच उन्हाळ्यांत चारशेहून अधिक तरुण मुलामुलींच्या हातून ती पूर्ण झाली. असे काम हाती घेणाऱ्या गटाने हे प्रकरण मुळापासून पाहावे, कारण त्यातली मोठी सुधारणा मधल्या टप्प्यावर झाली आणि ती आजही भिंतीवर उघड्या डोळ्यांनी दिसते.

जागा कशी मिळाली

सान फर्नांडो व्हॅलीतला तुहुंगा वॉश हा लॉस एंजेलिस नदीला मिळणारा एक ओढा. १९३८च्या मोठ्या पुरानंतर या नदीचे आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे पात्र टप्प्याटप्प्याने काँक्रीटने बांधून काढले गेले. पाणी बंदिस्त झाले, पण वस्तीमधून एक उघडी काँक्रीटची चर गेली. तिला देखणे करण्याच्या योजनेसाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९७४मध्ये चित्रकार ज्युडिथ बाका यांच्याशी संपर्क साधला. बाका यांनी १९७०मध्ये हॉलेनबेक पार्कमधल्या खुल्या रंगमंचावर एकमेकांशी वैर असलेल्या टोळ्यांतल्या मुलांकडून एक चित्र करून घेतले होते. त्यामुळे भिंतीइतकाच माणसे एकत्र बांधण्याचा अनुभवही त्यांच्याकडे होता. १९७६मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह स्पार्क ही संस्था उभी केली आणि पुढचे सगळे काम तिच्या छत्राखाली चालले.

या जागेचा एक गुण आणि तीन अडचणी होत्या. गुण हा की सलग, बिनखिडकीची, एकाच मालकीची एवढी लांब भिंत शहरात सहसा मिळत नाही. मालक एक असला की परवानगी एकाच दारात मागावी लागते. अडचणी अशा : भिंत रस्त्याच्या पातळीखाली आहे, पाहणारा समोरच्या काठावर कुंपणामागे उभा राहतो, आणि पावसाळी महिन्यांत कालव्यातून पाणी वाहते. काम उन्हाळ्यातच करायचे हे पाण्यानेच ठरवले. शाळांच्या सुट्टीशी ते जुळले, पण तापलेल्या काँक्रीटच्या चरीत दिवसभर उभे राहायचे हेही त्याबरोबर आले.

मालकाशी करायच्या लेखी करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. काम चालू असताना आणि नंतर कालव्यात उतरण्याचा अधिकार कोणाचा, चित्राच्या मजकुरावर मालकाला बदल सुचवता येतील की नाही, भिंतीची दुरुस्ती निघाल्यास किती दिवस आधी कळवायचे, आणि देखभालीचा खर्च कोणाकडे. मजकुराबद्दलचे कलम लोक संकोचाने टाळतात. हक्कांवरच्या चित्रात नेमके तेच सर्वांत आधी लिहायचे असते, कारण ज्या यंत्रणेने अन्याय केला तिचीच एखादी शाखा भिंतीची मालक असू शकते.

पहिला उन्हाळा

१९७६मध्ये ८० मुले, १० चित्रकार आणि ५ इतिहास अभ्यासक असा ताफा होता. मुलांपैकी बरीच बालगुन्हेगारीविषयक यंत्रणेकडून आलेली होती. आठ मुलांमागे एक चित्रकार हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. परांचीवर काम असताना एका जाणत्या माणसाला दहापेक्षा जास्त नवख्यांवर नजर ठेवता येत नाही. प्रमाण पंधरावर गेले की रंगाची गुणवत्ता आधी घसरते आणि त्यापाठोपाठ सुरक्षितता.

त्या उन्हाळ्यात एक हजार फूट भिंत रंगली. प्रागैतिहासिक काळापासून १९१०पर्यंतचा कॅलिफोर्नियाचा इतिहास तिच्यावर आला : मूळ रहिवासी, स्पॅनिश आगमन, सोन्याच्या शोधातली धाव (गोल्ड रश), आणि ऑक्टोबर १८७१मध्ये जमावाने केलेली लॉस एंजेलिसमधल्या चिनी रहिवाशांची हत्याही.

एवढ्या लांबीसाठी भिंतीचे तुकडे पाडून वेगवेगळ्या चित्रकारांना दिले होते. प्रत्येकाने आपला तुकडा आपल्या शैलीत आखला. ही वाटणी वेगाची होती, पण तिचा दोष समोरच्या काठावर उभे राहिल्यावर लगेच जाणवतो. माणसांचा आकार एका तुकड्यात मोठा तर पुढच्यात लहान, क्षितिजाची रेघ वरखाली, रंगांचा पोत बदलता. चालत जाणाऱ्याला सलग गोष्ट न दिसता शेजारी शेजारी टांगलेली वेगवेगळी चित्रे दिसतात. हक्कांच्या दृष्टीने हा दोष वरवरचा नाही. तुकडे सुटे राहिले की एका समूहावरचा अन्याय हा त्या समूहापुरता अपघात वाटतो. एकाला हाकलण्यासाठी वापरलेली युक्ती पुढे दुसऱ्यावर कशी वापरली गेली हे दिसायचे असेल, तर चित्राला एकमेकांत शिरणाऱ्या आकृत्या लागतात.

१९७८पासूनचा बदल

१९७७मध्ये बाका मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे मेक्सिकन भित्तिचित्रकार सिकेरोस यांच्या कार्यशाळेत भित्तिचित्राचे तंत्र शिकून आल्या. चालत्या प्रेक्षकासाठी रचना कशी बांधायची, हा सिकेरोस परंपरेचा कणा आहे. १९७८च्या उन्हाळ्यापासून संपूर्ण टप्प्याची रचना एकत्र आखली जाऊ लागली आणि लांबीही आवरली गेली : दर उन्हाळ्याला सुमारे ३५० फूट. १९७८मध्ये १९२०चे दशक, १९८०मध्ये १९३०चे, १९८१मध्ये १९४०चे आणि १९८३मध्ये १९५०चे. एक हजार फुटांवरून साडेतीनशेवर येणे कोणाला माघार वाटेल. आमच्या मते या प्रकल्पातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता.

३५० फूट लांब आणि १३ फूट उंच म्हणजे ४,५५० चौरस फूट, साधारण ४२० चौरस मीटर. चांगला ॲक्रिलिक रंग काँक्रीटवर लिटरमागे सुमारे ८ चौरस मीटर पुरतो. म्हणजे एका हाताला ५०-५५ लिटर. अस्तराचा एक, जमिनीच्या रंगाचा एक आणि चित्राचे दोन असे चार हात धरले तर २०० लिटरच्या आसपास, त्यावर सांडलवंड आणि फेररंगासाठी १५ टक्के. एक इंचाला एक फूट या प्रमाणाने रेखाटन केले तर कागद २९ फूट लांब होतो, तो एका सभागृहाच्या भिंतीवर सलग लावता येतो. हजार फुटांचे रेखाटन याच प्रमाणात ८३ फूट होईल, आणि ते एका नजरेत तपासणे अशक्य आहे. टप्प्याची लांबी ठरवताना अर्थसंकल्पाआधी हा कागद पाहावा.

संशोधनाचा तक्ता

रंगाआधीचे काम इथे खरे निर्णायक ठरले. इतिहासाचे जाणकार, त्या काळातून गेलेली वयस्क माणसे आणि मुले एकत्र बसत. प्रसंग निवडले जात, त्यावर चर्चा होई, मग रेखाटने. अशा बैठकीसाठी चार रकान्यांचा एक साधा तक्ता पुरतो : काय घडले, कोणत्या आदेशाने किंवा कायद्याने, कोणता हक्क मोडला, आणि हे सांगणारा साक्षीदार किंवा कागद कोणता. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग भिंतीवर घेऊ नये. एक चुकीचे वर्ष किंवा चुकीचा गणवेश सापडला की टीकाकार बाकीची सगळी भिंत खोटी ठरवतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या, जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या स्थानबद्धतेचा भाग या तक्त्यातून पाहू. १९ फेब्रुवारी १९४२चा राष्ट्राध्यक्षांचा कार्यकारी आदेश ९०६६. सुमारे १,२०,००० माणसे छावण्यांत धाडली गेली आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेची नागरिक होती. त्या आदेशात ‘जपानी’ हा शब्द कुठेही नाही. ज्या क्षेत्रांतून ‘कोणत्याही किंवा सर्व व्यक्तींना’ वगळता येईल अशी लष्करी क्षेत्रे ठरवण्याचा अधिकार त्यात दिला आहे. चित्रकारापुढचा प्रश्न इथेच उभा राहतो, कारण शब्दांत न लिहिलेला भेदभाव चित्रात माणसांच्या चेहऱ्यांनी आणि सामानाच्या बोचक्यांनीच दाखवावा लागतो. मोडलेला हक्क सांगायचा तर मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याचे नववे कलम : मनमानी अटक, स्थानबद्धता किंवा हद्दपारी यांपासून संरक्षण. हा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८चा, म्हणजे घटनेनंतरचा. तक्त्यात ही तारीखही नोंदवावी, नाहीतर मुले समजतात की त्या वेळी कलम होते आणि कोणी पाळले नाही.

हा टप्पा १९८१च्या उन्हाळ्यात रंगला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगापुढे या स्थानबद्धतेबद्दल जाहीर सुनावण्या चालू होत्या आणि वाचलेली माणसे पहिल्यांदाच उघडपणे बोलत होती. अधिकृत माफी आणि हयात व्यक्तींना प्रत्येकी २०,००० डॉलर देणारा कायदा १९८८मध्ये आला. १९३०च्या दशकातल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या सामूहिक हद्दपारीचा भाग तर राज्याच्या माफीच्या कायद्याच्या पंचवीस वर्षे आधी, १९८०मध्ये भिंतीवर आला. तो कायदा कॅलिफोर्नियाने २००५मध्ये केला. भिंतीमुळे कायदे झाले असा दावा करणे चुकीचे होईल. पण जे अजून सरकारने मान्य केलेले नाही ते पुराव्यानिशी सार्वजनिक जागी मांडून ठेवणे हे अशा चित्राचे खरे काम आहे, आणि ते इथे नीट झाले.

चावेझ रॅव्हिनचा पट

एकसंध रचनेने काय साधते हे पाहायला १९८३च्या टप्प्यातला वस्त्यांच्या विभाजनाचा भाग घ्यावा. महामार्गाच्या वळणदार कमानी माणसांमधून शिरतात आणि एकाच कुटुंबाला दोन बाजूंना फेकतात. वर एक क्रीडांगण परग्रहावरच्या यानासारखे घरांवर उतरताना दिसते. यातला तपशील कल्पनेतला नाही. लॉस एंजेलिसच्या चावेझ रॅव्हिन भागातल्या पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप या मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांतल्या कुटुंबांना १९५०मध्ये सार्वजनिक गृहप्रकल्पासाठी घरे सोडायला सांगितले गेले. तो प्रकल्प पुढे रद्द झाला. शेवटची कुटुंबे मे १९५९मध्ये बळाने बाहेर काढली गेली आणि त्याच जागी एप्रिल १९६२मध्ये डॉजर स्टेडियम हे बेसबॉलचे क्रीडांगण उघडले.

यान ही प्रतिमा ताकदवान आहे कारण ती तक्त्यातल्या पहिल्या दोन रकान्यांवर घट्ट उभी आहे. जाहीरनाम्याचे मालमत्तेबद्दलचे सतरावे कलम आणि घरात मनमानी हस्तक्षेप होऊ नये असे सांगणारे बारावे, दोन्ही इथे एका चित्रात वाचता येतात, तेही एकही वाक्य न लिहिता. कालव्याच्या रुंदीपलीकडून वाक्ये वाचली जातही नाहीत. तीस मीटरवरून सहज वाचायचे अक्षर साधारण २५ सेंटिमीटर उंच लागते, म्हणजे दोन ओळींतच चित्राची अर्ध्या मीटरहून जास्त उंची जाते. म्हणून मजकूर वेगळ्या फलकावर, पाहणाऱ्याच्या बाजूच्या काठावर, डोळ्यांच्या उंचीला असावा.

भिंतीचे तंत्र

काँक्रीटवर चित्र टिकणे न टिकणे रंगाच्या डब्यापेक्षा ओलीवर जास्त अवलंबून असते. कालव्याच्या भिंतीमागे माती असते आणि मातीत पाणी. ते पाणी काँक्रीटमधून पुढे येताना क्षार घेऊन येते, पृष्ठभागावर सुकते आणि लोणा फुटतो. वर रंगाचा थर असेल तर क्षार त्याच्याखाली साठतात, फुगतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. चाचणी सोपी आहे : दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवावे आणि किमान सोळा तास ठेवावे. आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झाले तर ती जागा रंगायला तयार नाही. लांब भिंतीवर एक चाचणी पुरत नाही. सांधे, पाणी झिरपण्याची भोके आणि तळाचा फूटभर पट्टा इथे वेगळ्या चाचण्या घ्याव्यात.

तयारीचा क्रम असा. सैल भाग खरवडून काढणे, उच्च दाबाच्या पाण्याने किंवा वाळूच्या माऱ्याने पृष्ठभाग उघडा करणे, लोणा कोरड्या ब्रशने झाडणे. लोणा ओल्या फडक्याने पुसायचा नाही, क्षार विरघळून परत आत जातात. मग भेगा भरून पूर्ण वाळू देणे आणि काँक्रीटसाठीचे क्षाररोधक अस्तर. भरलेला सिमेंटचा भाग ताजा असेल तर २८ दिवस थांबावे. घाई केली तर त्या ताज्या तुकड्यांवरचा रंग सर्वांत आधी जातो आणि चित्रावर ठिगळे पडतात.

आखणीसाठी ओळंबा आणि रंगाची दोरी. रेखाटनावर एक इंचाचे चौकोन, भिंतीवर एक फुटाचे. प्रत्येक चौकोनाला दोन्हीकडे एकच अक्षर-अंक. मुलांना एकेक आडवा पट्टा न देता एकेक आकृती पूर्ण करायला द्यावी. पट्टा वाटला की चेहऱ्याचे कपाळ एकाच्या हातचे आणि हनुवटी दुसऱ्याच्या हातची होते.

उन्हात तापलेली भिंत हा वेगळा त्रास. पृष्ठभाग ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की ॲक्रिलिकमधले पाणी फार लवकर उडते, थर नीट जुळत नाही आणि वर्षभरात भुकटी सुटू लागते. पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी थांबणे किंवा परांचीवर सावलीचे जाळीदार कापड बांधणे, हे दोनच उपाय. त्याने मुलांचेही रक्षण होते. काँक्रीटच्या चरीत ऊन खालूनही परत येते, तेव्हा पाणी, टोप्या आणि तासातासाला विश्रांती हा खर्च अर्थसंकल्पात रंगाच्या बरोबरीने धरावा. कालव्यात काम असेल तर वरच्या डोंगराळ भागातल्या पावसाचा अंदाज रोज पाहणारा एक माणूस नेमलेला हवा. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असताना पाणी येऊ शकते.

रंगद्रव्यांबाबत तडजोड करू नये. लोहयुक्त गेरू आणि पिवळी माती, फ्थॅलो निळा-हिरवा, क्विनॅक्रिडोन जांभळट लाल हे उन्हात टिकतात. स्वस्त सेंद्रिय पिवळे आणि चटक लाल काही वर्षांत फिके होतात. चेहऱ्याच्या छटांत ते मिसळले असतील तर माणसांची कातडी राखी किंवा निळसर दिसू लागते. वंशभेदाबद्दलच्या चित्रात हे फार बोचते.

जाणीव कोणाला झाली

या भिंतीने जनजागृती सर्वांत खोलवर केली ती काम करणाऱ्या मुलांमध्ये. वेगवेगळ्या वंशांची, एरवी एकमेकांच्या भागात न जाणारी मुले एकाच परांचीवर होती आणि दुसऱ्याच्या समूहावर काय गुदरले ते स्वतःच्या हाताने रंगवत होती. त्यांना कामाचा मोबदला मिळत होता, हेही महत्त्वाचे. हक्कांचे चित्र फुकट मजुरीवर उभे करणे मुळातच विसंगत आहे, आणि गरीब घरातले मूल उन्हाळी कमाई सोडून विनामोबदला येऊ शकत नाही. मग उरतात ज्यांना परवडते तेच.

रस्त्याने जाणाऱ्यापर्यंत भिंत कमी पोचते, कारण ती खाली आहे. मोटारीतून ती जवळजवळ दिसत नाही. ही उणीव मार्गदर्शित फेऱ्या, शाळांच्या भेटी आणि काठावरच्या माहितीफलकांनीच भरून निघते. म्हणून असा प्रकल्प आखताना रंगकाम संपल्यानंतरच्या किमान तीन वर्षांच्या फेऱ्यांसाठी माणूस आणि पैसा आधीच बाजूला ठेवावा. परिणाम तपासायचा तर ‘चित्र आवडले का’ हे विचारून काही कळत नाही. भिंतीवरच्या तीन घटनांबद्दल तीन साधे प्रश्न काम सुरू होण्याआधी आणि वर्षभराने त्याच शाळांत विचारावेत : काय झाले, कोणी केले, आज तसे झाले तर दाद कुठे मागायची. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भित्तिचित्र स्वतः देऊ शकत नाही. ते फलकावर, मदतकेंद्राच्या पत्त्यासह लिहावे लागते.

म्हातारी होणारी भिंत

सूर्य, धूर, पुराचे पाणी आणि झिरप यांनी तीस वर्षांत भिंत फिकी पडली, जागोजागी सुटली. २०११मध्ये मोठे जतनकाम होऊन ती पुन्हा लोकांसमोर आली आणि २०१७मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश झाला. अशा नोंदणीमुळे पाडकामापासून सगळे संरक्षण मिळत नाही, पण केंद्र सरकारच्या निधीने किंवा परवानगीने होणाऱ्या कामाआधी भिंतीवरच्या परिणामाचा विचार करावा लागतो.

देखभालीचा सर्वांत घातक शॉर्टकट म्हणजे जुन्या चित्रावर चकचकीत सीलचा जाड थर देणे. मागून येणारी ओल त्याच्याखाली अडकते आणि पांढरे धुके चढते. वाफ बाहेर जाऊ देणारे, गरज पडल्यास काढता येणारे आवरण वापरावे आणि तळाचा पट्टा दर पावसाळ्यानंतर तपासावा. चित्रावर कोणी काही खरडले तर ते २४ ते ४८ तासांत पुसून टाकावे. एक खरड राहिली की शेजारी दुसरी येते. प्रत्येक रंगाचे मिश्रण प्रमाणासह लिहून, वाळलेल्या नमुन्यासह फाइलमध्ये ठेवले तर वीस वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही.

मेलन फाउंडेशनच्या ५० लाख डॉलरच्या अनुदानानंतर भिंत पुढच्या दशकांकडे वाढू लागली. १९६०च्या दशकाचे भाग २०२३-२४मध्ये लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑफ आर्टच्या दालनात, लोकांसमोर रंगवले गेले. त्या दशकाच्या एका भागात १९६१मध्ये अलाबामात जाळलेली फ्रीडम रायडर्सची, म्हणजे बसप्रवासातल्या वंशभेदाला आव्हान देणाऱ्या आंदोलकांची, बस आहे. दालनात रंगवून नंतर भिंतीवर बसवण्याच्या पद्धतीत सहसा न विणलेले पॉलिस्टर कापड वापरतात आणि ते ॲक्रिलिक जेलने चिकटवतात. ऊन, पूर आणि परांची यांपासून सुटका होते, वयस्क माणसांना आणि चाकाच्या खुर्चीतल्यांनाही हात लावता येतो. मात्र चिकटवताना हवेचा एक फुगा राहिला तरी तिथून कापड सुटते, आणि भिंतीची ओल तपासण्याची गरज थेट रंगकामापेक्षा दुप्पट होते. लहान गटांसाठी तरीही आमची शिफारस हीच : पाच फूट चौरस तुकडे सभागृहात रंगवा, भिंतीवर चढवण्याचे काम दोन-तीन दिवसांत अनुभवी हातांकडून करून घ्या, आणि वाचलेले दिवस साक्षीदारांसोबतच्या बैठकींना द्या.